आत्याच्या मनातलं पाप

आष्ट्याहून मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, फोन आला तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसात होते. "सुमन गेली गं," एवढंच ते बोलले. मला रडू आलं, पण त्याआधी मनात आलं, आता तिला विचारायचं राहूनच गेलं... महिना उलटला तरी तेच डोक्यात आहे.

माझा मुलगा रांगत होता तेव्हाच मला पुन्हा दिवस गेले. तब्येत खालावलेली, नवरा सैन्यात, दूर. आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं, आत्ता नको. आईला सांगायची हिंमत होईना, म्हणून आत्याला सांगितलं आणि तिथेच फसले. "देवानं दिल्यालं परत करत्यात व्हय? पाप हाय ते," म्हणत तिने मला यथेच्छ झापलं. मग चपला घालत म्हणाली, "चल. एकटी जाऊ नगंस."

सांगलीच्या दवाखान्यात ती माझ्या पोराला मांडीवर घेऊन दिवसभर बाकावर बसली. घरी नेऊन बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू खाऊ घातले. पण पुढे कुठेही तो विषय निघाला की ती तशीच पेटायची. मुलगी नको म्हणून गर्भ पाडलेल्या भाचसुनेशी तिने कायमचं बोलणं टाकलं. ते मला पटायचं. पण आत्याच्या लेखी ती भाचसून आणि मी एकच होतो का? एकच असू, तर लाडू कशाला? मला माझ्या निर्णयाचा पश्चात्ताप कधी झाला नाही. तिचा राग मात्र येतो, आणि मायाही दाटून येते, दोन्ही एकदम.

परवा आष्ट्याला गेले. पितृपक्ष सुरू होता. मामा सांगू लागले, "सर्वपित्रीला वाडवडलांच्या पानांशेजारी ती दोन बारकी पानं मांडायची. नुसता दूधभात."

"कुणाची?"

"एक तुझ्या त्याचं. एक आमचं. दोन पोरींवर तिसऱ्यांदा दिवस गेलं, तवा माझ्या आईनं तिला तपासायला नेलं. पोरगी निघाली. सुमन नगं नगं म्हनत हुती. मी गप बसलो."

तिच्यावर लादलेलं आणि मी स्वतः ठरवलेलं, तिने शेजारी शेजारी मांडलं होतं. तिला फरक कळत नव्हता, की कळूनही... माझ्या वाटचं दुःख करायला तिला सांगितलं कुणी होतं? मला हुंदका आवरेना.

"यंदा दुखवटा हाय, मोठी पानं न्हाईत," मामा म्हणाले. "आमचं बारकं तेवढं मांडतो. तुझं तू सांग."

मांडा म्हणावं तर पाप कबूल केल्यासारखं होतं. नको म्हणावं, तर इतकी वर्षं तिने वाढलेला घास मीच उचलून टाकायचा. उद्या अमावास्या. मघाशी मामांचा फोन आला, मी उचलला नाही; वाजून वाजून बंद झाला.