आम्लाचे थेंब

आज पिशवीतली सफरचंदं जास्त पिकलेली निघाली, आणि त्या वासाने बीदरच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली.

परीक्षानळीतल्या नारिंगी डायक्रोमेटमध्ये मी स्पिरिट घातलं होतं. काहीच घडत नव्हतं. तेवढ्यात जनवाड्याहून अप्पा मला न्यायला आले.

"पाव्हणे बघायला आलेत. चल, बस उभी हाय."

"एवढं होऊ द्या की, अप्पा."

"कामून? काय व्हायलंय त्यात?"

"आम्ल घातल्याबिगर यातलं क्रोमियम इलेक्ट्रॉन घेतच न्हाई," म्हणत मी आम्लाचे थेंब सोडले. नारिंगी रंग मळकट होत होत हिरवा झाला. पिकल्या फळांसारखा वास सुटला. अप्पा वाकून बघत राहिले.

"अजून लई शिकायचं ऱ्हायलंय?"

"व्हय."

"मग शिक. पाव्हण्यांना मी सांगतो."

ते एकटेच बसकडे गेले.

त्या हिरव्या रंगाने अप्पांचं मन वळवलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता त्यांच्या वयाची झाल्यावर डोळ्यांसमोर येतं ते जनवाड्याचं घर, जमलेली भावकी, आणि मुलीला न घेता दारात उभे राहिलेले अप्पा. तिथे ते काय बोलले, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.