द्वारका ते कसारा: फुकट की विकत?

चार माणसं एकत्र येऊन काहीतरी बिनकामाचं करायला लागली, की किस्से साठायला वेळ लागत नाही. ऑफिसात किस्सा घडायला निदान एक साहेब तरी लागतो. बिनकामाला नुसता चहा पुरतो!

आमचं बिनकाम म्हणजे एक गेम. कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा परदेशी गेम आहे. त्यात युरोपातले लोण्यासारखे रस्ते आहेत, कोणी हॉर्न वाजवत नाही, कोणी उलट्या बाजूने येत नाही. आम्हाला तर झोपच यायला लागली! पण अशा गेममध्ये खेळणाऱ्यांना स्वतःची भर घालता येते. नवा रस्ता, नवा ट्रक, नवं गाव. या भरीला म्हणतात मॉड. जगभरचे हौशी लोक ते बनवतात आणि बहुतेक जण फुकट वाटतात. आम्ही ठरवलं, आपण गेममध्ये नाशिक घालायचं. द्वारका चौकापासून कसारा घाटापर्यंत.

आम्ही म्हणजे कोण? भूषण अहिरे, मूळचा सटाण्याचा. द्वारकेजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दर रविवारी आमचा अड्डा तिथेच. तो शांत असला की शुद्ध बोलतो, तापला की अहिराणी सुरू! गांगुर्डे सर शाळेत चित्रकला शिकवतात. भिंती, पाट्या, रंग ही सगळी त्यांची बाजू. इरफानभाई एका ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग बघतात. ट्रक आणि आवाज त्यांच्याकडे. आणि मी स्नेहल. अंबडला एका कंपनीत कॉम्प्युटरवर मशीनचे पार्ट डिझाइन करते. सोमवार ते शनिवार फ्लँज आणि बुश, रविवारी उड्डाणपूल!

*

सरांना द्वारका हुबेहूब हवी होती. एका सकाळी ते कॅमेरा घेऊन चौकात उभे राहिले आणि प्रत्येक पाटीचा, प्रत्येक खांबाचा फोटो काढायला लागले. सोबत मी.

ट्रॅफिकचे एक हवालदार बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी जवळ आले. "काय चाललंय, सर?"

"साहेब, द्वारका चौक गेममध्ये टाकतोय."

"ट्रॅफिकसकट?"

"अर्थात! ट्रॅफिकशिवाय द्वारका कशी होईल?"

हवालदारांनी एकदा चौकाकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "मग खेळणार कोण?"

आणि पुढे म्हणाले, "मी इथे दिवसभर उभा असतो. त्या बाजूने सगळा चौक एका फोटोत येतो, चला दाखवतो." त्यांनी आमच्यासाठी चक्क एक लेन थांबवली! सरांनी नंतर गेममधल्या चौकात त्यांच्या मापाचा एक हवालदार उभा केला. पोटासकट.

*

इंजिनचा आवाज इरफानभाईंना विकतचा नको होता. "आवाज गाडी का होना, फाइल का नहीं," म्हणाले. त्यांच्या ट्रान्सपोर्टचा एक जुना ट्रक मुंबईहून माल घेऊन परत येत होता. इरफानभाई कसाऱ्याला त्यात चढले, केबिनमध्ये माइक लावला आणि ड्रायव्हरला बजावलं, "उस्ताद, घाट संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही!"

उस्तादने मान डोलावली. पूर्ण भरलेला ट्रक. गिअर खाली खाली येत गेला, इंजिन घुसमटायला लागलं. सगळ्यात अवघड चढ आला आणि उस्तादच्या तोंडून निसटलंच, अगदी हळू, "चल मेरी रानी... बस थोडासा... चल."

रविवारी आम्ही ते ऐकलं. भूषण म्हणाला, "आवाज साफ करून त्याचं बोलणं काढून टाकू?"

सर एवढंच म्हणाले, "हात तोडीन तुझा!"

ते तसंच ठेवलं. मॉड बाहेर आल्यावर पोलंडच्या एका खेळाडूने विचारलं, "चढावर तुमचं इंजिन काय म्हणतं?" इरफानभाईंनी अर्थ लिहून पाठवला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. तो खराखुरा ट्रक चालवणारा निघाला. म्हणे, "मीसुद्धा म्हणतो. दुसऱ्या भाषेत."

*

मॉड चाललं. आम्हाला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट चाललं! आणि त्याबरोबर भांडण आलं.

भूषण म्हणाला, "आता किंमत लावू."

सर म्हणाले, "अजिबात नाही. हौसेचं काम आहे. मी चौकातली भिंत रंगवली तर बघणाऱ्याकडून तिकीट घेऊ का?"

भूषण तापला. "सर, फुकट कसाले देवानं? दुकाननं भाडं लाइकवर भरू का? तुम्हाला महिन्याला पगार आहे, म्हणून हौस परवडते!"

सरांचा चेहरा पडला, कारण ते खरं होतं. आणि भूषणचाही पडला, कारण सरांना बोललो हे त्याच्या लक्षात आलं. त्या रविवारी चहा तसाच गार झाला.

मी घरी येऊन तणतणत आईला सांगितलं. आईला गेममधलं ओ की ठो कळत नाही. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, "फुकटच द्यायचं असेल तर मी पुढच्या आवृत्तीसाठी रात्रंदिवस पुलाचे कठडे कशाला घासत बसू? जसं झालंय तसं देऊन टाकते!"

आईने मेथी खाली ठेवली. "विकायचं असतं तर एखादं उन्नीस-बीस चाललं असतं गं. घेणाऱ्याने भांडून घेतलं असतं. द्यायचंय म्हणतेस, तर वाईट कसं देशील?"

मी सगळे कठडे पुन्हा केले.

*

किंमत लावायची तर एक अडचण होती. आमच्या रस्त्याकडेची झाडं आमची नव्हती. कुठल्याशा थंड देशातल्या एका आजोबांनी बनवून सगळ्यांना फुकट दिलेली होती ती. मी त्यांना मेल केलं: आम्ही मॉडला किंमत लावतोय, तुमची झाडं वापरलेली चालतील का, तुमचा वाटा किती?

उत्तर आलं. आजोबा निवृत्त वनरक्षक होते. लिहिलं होतं, "वाटा नको. पण मी तुमच्या रस्त्याचे फोटो पाहिले. माझी झाडं तिथे चुकीची आहेत. तुमच्याकडे कोणती असतात?"

मी लिहिलं, कडुनिंब, बाभूळ, वड. त्यांनी फोटो मागितले. मी पाठवले. त्यांनी आणखी मागितले. सालीचे जवळून. पानाच्या पाठीमागचे. वाऱ्यात फांदी कशी हलते त्याचा व्हिडिओ. पानगळीत झाड कसं दिसतं ते. मी पाथर्डी फाट्याजवळच्या एका कडुनिंबाखाली इतक्या वेळा जाऊन उभी राहिले, की शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "ताई, झाडाला काय झालंय का?"

काही महिन्यांनी फाइल आली. आम्ही ती उघडली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कडुनिंब हलला. सावलीसुद्धा कडुनिंबाची, बारीक-बारीक तुकड्यांची! आयुष्यात कधी कडुनिंब न पाहिलेल्या माणसाने बनवलेला. खाली एकच ओळ: "तुमच्या रस्त्यासाठी."

सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. भूषणने डोकं धरलं. "आते या निमना पैसा कसा लेवाना?"

*

शेवटी तोडगा निघाला. द्वारकेपासून इगतपुरीपर्यंतचा झाडांचा रस्ता कायम फुकट. त्यापुढचा घाट सगळा आमच्या हातचा, तो विकत. किंमत एका मिसळीइतकी. सर खिडकीबाहेर बघत बसले.

आठवड्याच्या आत कोणीतरी आमचा घाट दुसऱ्या साइटवर टाकला. फुकट, सगळ्यांसाठी!

भूषण पेटला. शिव्या, धमक्या, स्क्रीनशॉट. "त्याचं नावगाव काढतो, सोडत नाही!" त्याने त्या माणसाला हे लांबलचक मेसेज पाठवले. रविवारी उत्तर आलं, आम्ही चौघं वाकून वाचायला लागलो.

"तुमच्या घाटात तिसऱ्या वळणावर ट्रकचं मागचं चाक कठड्यात अडकतं. मी दुरुस्त केलंय. फाइल सोबत आहे."

मी फाइल तपासली. ज्या चुकीवर मी तीन आठवडे डोकं आपटत होते, ती गेलेली! कामही इतकं स्वच्छ, की मला माझ्या कामाची लाज वाटावी.

खाली आणखी लिहिलं होतं, "मी पैसे भरूनच घेतलं होतं. माझ्या दोस्तांना परवडत नव्हतं, म्हणून वाटलं. दुरुस्तीत माझं नाव टाकू नका."

भूषण स्वतःशीच पुटपुटला, "हाऊ चोर शे का देव शे?"

त्याच दिवशी नवा नियम झाला. किंमत घेणाऱ्याने ठरवायची. शून्यसुद्धा चालेल. सरांचं म्हणणं होतं, पैशाचा रकानाच कशाला? भूषणचं म्हणणं होतं, शून्य कशाला?

इरफानभाई दोघांकडे बघून म्हणाले, "दोघेही नाराज. मतलब फैसला सही है!"

*

आणि आता दौलतमामा.

दौलतमामा म्हणजे इरफानभाईंच्या ट्रान्सपोर्टचे जुने ड्रायव्हर. सगळं आयुष्य याच रस्त्यावर गेलेलं. गुडघे गेले, क्लच दाबेना, म्हणून घरी बसलेले. घरात कोणाशी फारसं बोलत नाहीत, असं त्यांचा मुलगा म्हणायचा. एका रविवारी दुपारी इरफानभाई त्यांना दुकानात घेऊन आले. भूषणने गेमचं स्टिअरिंग टेबलाला आवळलं आणि क्लच काढून टाकला.

मामा आधी स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हते. "मोडंल काय?" म्हणाले. मग बसले. पडद्यावर द्वारका आली. मामांनी चौक पाहिला, पाट्या पाहिल्या आणि सरळ गाडी काढली. इतक्या सफाईने, की आम्ही सगळे खुर्च्या ओढून मागे बसलो, केबिनमध्ये बसल्यासारखे. पाथर्डी फाटा गेला. विल्होळी गेली. मामा आरशात बघत होते, रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देत होते. घोटी मागे पडली.

इगतपुरीच्या अलीकडे एका ठिकाणी मामांनी गाडी हळू केली. डावीकडे घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं. तिथे आम्ही काहीच बनवलेलं नव्हतं. नुसती माती आणि गवत.

भूषण म्हणाला, "मामा, बटण चुकून दाबलं का?"

"नाय." मामा पडद्याकडे बघत होते. "हितं दगड हाय. पांढरा."

इरफानभाईंनी विचारलं, "कसला दगड, मामा? देवाचा?"

"नाय."

"मग?"

"दगड हाय," मामा म्हणाले. हाताने उंची दाखवली, पाण्याच्या कळशीएवढी. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तसेच बसले. आम्हाला काय करावं कळेना. थोड्या वेळाने टोपी घातली, इंजिन सुरू केलं आणि घाट उतरले.

उठताना त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. "किती द्यायचं?"

ज्या भूषणने किमतीसाठी एवढं रान उठवलं होतं, तोच हात जोडून म्हणाला, "मामा, तुमच्याकडून काय घ्यायचं! राहू द्या."

मामांना ते आवडलं नाही. "आसं कसं? रस्ता बांधला ना तुमी? चाललो ना मी त्याच्यावरनं?"

भूषण मागे सरकला. पुढे आले ते गांगुर्डे सर! म्हणाले, "घे, भूषण. त्यांना देऊ दे." भूषणने दोन्ही हातांनी ते पैसे घेतले.

त्याच आठवड्यात सरांनी दगड बनवला. वरून चुन्याचा पांढरा हात दिल्यासारखा, खालून थोडा मातीने माखलेला. मी तो बरोबर त्या जागी ठेवला. मॉडच्या माहितीत आम्ही त्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. लिहिणार तरी काय? आम्हालाच माहीत नव्हतं. इरफानभाईंनी ट्रान्सपोर्टमधल्या जुन्या लोकांना विचारून पाहिलं, त्यांनाही माहीत नव्हतं. मामांना पुन्हा विचारायची आमची कोणाची हिंमत झाली नाही.

परवाच्या रविवारची गोष्ट. आमच्या रस्त्यावर कोणीतरी ऑनलाइन ताफा काढला होता, अनोळखी लोकांचा. ब्राझील, तुर्कस्तान, पोलंड, केरळ, कुठले कुठले ट्रक. आम्ही चौघं गंमत म्हणून एकाच ट्रकमधून सगळ्यांच्या मागे लागलो. लांबलचक रांग, स्वच्छ ऊन, दोन्ही बाजूंना कडुनिंब. घोटी गेली.

इगतपुरीच्या अलीकडे सगळ्यात पुढचा ट्रक हळू झाला. डावीकडे, पांढऱ्या दगडापाशी गेला. थांबला. त्याच्यामागचा थांबला. मग त्याच्यामागचा. एकेक करत अख्खी रांग रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि एकामागून एक इंजिनं बंद होत गेली.

दुकानात आम्ही एकमेकांकडे बघत होतो. "तू सांगितलंस?" भूषणने मला विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. सरांनी नाही. इरफानभाईंनी नाही.

ताफ्यात कोणीतरी आमच्यासारखाच नवा होता. त्याने चॅटवर विचारलं, "काय झालं? पुढे अपघात आहे का?"

सगळ्यात पुढच्या ट्रकवाल्याने उत्तर दिलं, "नाही. इथे थांबतात."