पोटाची चेष्टा

आमच्या खालच्या क्वार्टरमधले अंबादासकाका कशावरच विश्वास ठेवत नाहीत. दुधाची पिशवी कानाशी धरून हलवतात. सरोजिनीच्या बाजारात पँटवर ३४ लिहिलेलं असलं तरी खिशातून सुतळी काढून मोजतात. "छापील आकडा, वैभवी! छापायला काय जातंय?" हे वाक्य मी नाकातून म्हटलं, की द्वारकाकाकू स्वयंपाकघरातून विचारतात, "अहो, आलात?"

साताऱ्याहून दिल्लीला बदली होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालंय. मागच्या महिन्यात ऑफिसात हेल्थ कँप लागला. वजन एकसष्ट किलो, उंची एकशे चौसष्ट, बीएमआय साडेबावीसच्या जरा पुढे. कार्डावर शिक्का: नॉर्मल.

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. काकांनी कार्ड उजेडात धरलं. त्यांचा मोठा भाऊ जयंतही असाच काटकुळा, वजन अगदी बेतात. साखर आहे हे कळलं तेव्हा नजर गेलेली होती. आणि काकांचे हातपाय काड्या, मध्ये पोट, जणू शर्टाखालून कलिंगड पळवतायत.

"मग डॉक्टरांना विचारायचं ना!" काकू म्हणाल्या.

"विचारलं. पोटावर टेप लावली, अडतीस इंच. म्हणे उपाशीपोटी रक्त द्या. आणि वर हसला! मी नाही जाणार त्या माणसाकडे."

आठ दिवस काका गेलेच नाहीत. काकू रक्ततपासणीची चिठ्ठी घेऊन मागे मागे. शेवटी मी म्हटलं, "काका, तो काय बोलला ते सांगा, मी त्याचा आवाज काढते." हा मोह त्यांना आवरेना. त्यांनी सांगितलं, मी घसा खाकरून सुरू केलं, "श्रीमान, बीएमआई तो ठीक है, किन्तु पेट घटाने की चेष्टा कीजिए।"

"ऐकलंस?" काका काकूंवर कडाडले. "पोटाची चेष्टा!"

मला कळेचना. मी इथेच वाढलेली. "काका, चेष्टा म्हणजे प्रयत्न. कोशिश!"

"खोटं. चेष्टा म्हणजे तू रोज माझी करतेस ती. हिंदीचा शब्दकोश आण."

आणलं. शब्दार्थ वाचला, मग पुस्तक कुठल्या सालचं तेही बघितलं.

"मग हसला का तो?"

"तुम्ही तेव्हा नक्की काय करत होतात?" काकूंनी विचारलं.

"शिक्क्याची शाई निघते का बघत होतो."

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. उपाशीपोटी साखर एकशे अठरा. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण वाटेवर आहात. बीएमआयला वजन कळतं, ते कुठे साठलंय ते कळत नाही.

"म्हटलं नव्हतं, नॉर्मल खोटं!" काका जिंकल्यासारखे घरात शिरले. मग त्यांनी तो आकडा पुन्हा वाचला आणि गुपचूप खुर्चीत बसले. काकूंनी समोरचा साखरेचा चहा उचलून नेला.

आता रोज सकाळी बागेत फेऱ्या. खिशात तीच सुतळी, अडतीसवर गाठ मारलेली. फेऱ्या मी मोजते. काकाही मोजतात, अर्थातच.

परवा मी मागून त्यांच्यासारखी चालत होते. वळूनही न बघता म्हणाले, "कर, माझी चेष्टा कर. मीही करतोय."