पेट्रोलची वाट

"उतर खाली आधी. बंद कर ते, बंद कर म्हणते ना!" ताई शेडच्या दारातून ओरडत होती. अकोल्याबाहेरच्या तिच्या वावरात मी भाऊजींच्या विमानात बसलो होतो आणि इंजिन असं गर्जत होतं, की तिकडे वरूडच्या बागांतली संत्री देठ सोडून खाली पडली असतील. ताईचा आवाज त्याच्याही वर. मी बंद करायच्या आतच इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. नेहमीसारखी.

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, जाऊन वर्ष होत आलं होतं. हे विमान त्यांनी एका हौशी म्हाताऱ्याकडून जुनं घेतलेलं; त्यानं ते स्वतःच्या अंगणात बनवलं होतं. पंख संत्र्याच्या ट्रकवर बांधून आणले, तेव्हा चांदूर रेल्वेला ते बघायला सगळा फलाट धावला आणि आगगाडी रिकामीच गेली. असं मी आमच्या राजापेठेत सांगतो. लोक ऐकून घेतात.

घरी बनवलेल्या विमानाबरोबर नकाशा येत नाही. कोणती नळी कुठं जाते, ते बनवणाऱ्याच्या डोक्यात. भाऊजी नळ्या हुडकत बसले. दोन पंखांत दोन टाक्या. तिथून पेट्रोल आपल्याच वजनानं सीटखालच्या कॉकमध्ये, म्हणजे तोटीत, मग गाळणीत, मग कार्बोरेटरला. त्यांची अट एकच: जमिनीवर अर्धा तास अखंड चाललं, तरच वर जायचं. ते कधीच चाललं नाही. थोडं गर्जायचं, मरायचं. भाऊजी दोन्ही टाक्यांची झाकणं उघडून पेट्रोल बघायचे, पुन्हा लावायचे, की स्वारी पुन्हा सुरू. त्यांनी कॉक बदलला, नळ्या बदलल्या, गाळणी तर इतकी धुतली की तिच्यातून तीर्थ गाळावं. दवाखान्यात शेवटी मला म्हणाले, "लेका, एवढीशी पेट्रोलची वाट मले समजली नाही." हसून म्हणाले.

ताईला आता ते विमान भंगारात द्यायचं होतं. कारण सापडल्याशिवाय मी ते देणार नव्हतो. इंजिन मेलं तसा मी शिडी लावून पंखापाशी चढलो, झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत शिरली.

तेव्हा कळलं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईएवढं छिद्र होतं. ते बुजलेलं. ताई दसऱ्याला विमानाचीही पूजा करायची, झाकणांवर हळदकुंकू लावायची. ते वाळून दगड झालं होतं. दुसऱ्या झाकणाचंही तेच. भाऊजी तपासायला झाकण उघडायचे, तेवढ्यात हवा आत जायची आणि दुखणं पसार.

ताईला हे कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. मी रुमालाला थुंकी लावून घाईघाईनं पुसू लागलो.

"काय पुसून राहिला?"

"काई नाही, ताई. पाखरानं घान केली."

ती शिडीपाशी आली. आधी झाकणाकडे, मग माझ्या लाल झालेल्या रुमालाकडे बघितलं.

"विकणाऱ्यानं मलेच सांगतलं होतं, हे छिद्र बुजलं का इंजिन बंद पडते," ती म्हणाली. "तुये भाऊजी तवा पंख ट्रकवर बांधाले दोर आणाले गेल्ते. म्या त्यायले सांगतलंच नाही."