पलंग बाटू नये म्हणून

अक्का गेल्या तेव्हा त्या भुईवर होत्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नवा केलेला पलंग शेजारी रिकामा होता. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पेज गाळत होते. ह्यांनी हाक मारली, "मंगल, ये गं," आणि त्या आवाजावरूनच मला कळलं. आता भेटायला येणारी माणसं थांबलीत, घर पुन्हा रुळावर आलंय, पण माझा राग काही उतरत नाही… तो नेमका कुणावर आहे हेही मला नीट सांगता येत नाही.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. नणंदेच्या नावानं बोटं मोडायची रीत आहे आपल्याकडे, ती सुरुवातीला मीही पाळली. नवरा वारल्यावर धावड्याचं सासर सोडून त्या आमच्याकडे नवीन जालन्याला आल्या, तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी होती. सासरी पलंग एकच, तो सासऱ्यांचा. अक्कांचा सगळा संसार भुईवरच झाला. आम्ही मागची खोली त्यांना दिली. नवा पलंग आणतो असं हे म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "नवा कशाला? फुकटचा खर्चा. मी बघते माझं." आणि लगोलग जुन्या बाजारातून हातगाडीवर घालून एक मोडका सागवानी पलंग घेऊन आल्या. एक पाय तुटलेला, सांध्यासांध्यांत ढेकूण. मी दारातच कपाळावर हात मारून घेतला.

मग अंगणात तेच चाललेलं असायचं. सांध्यांत उकळतं पाणी ओतून ढेकूण मारायचे, ऊन दाखवायचं, पॉलिश पेपरनं जुना रंग खरडायचा, लाकडाचा भुसा सरसात कालवून भेगा भरायच्या. तुटक्या पायाला कुठल्याशा दाराच्या चौकटीचा तुकडा जोडला. नवार विकत आणायची नाही म्हणून जुन्या सुती साड्या उभ्या फाडल्या, त्यांच्या घट्ट वेण्या घातल्या आणि त्याच पलंगाला विणल्या. माझी एक बरी साडीही त्यात गेली. मी तोंड फुगवलं तर म्हणतात, "नेसून कुठं जाणार व्हतीस? राजूरच्या गणपतीला? त्यो काय साडी बघतो व्हय?" पण पलंग असा झाला की शेजारणी मुद्दाम बघायला आल्या.

पुढं त्यांना तो नादच लागला. गल्लीत गरिबाघरच्या पोरीचं लग्न ठरलं की अक्का निघाल्याच जुन्या बाजारात. तिथं पलंग स्वस्त मिळतात याचं कारण सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. माणूस ज्या पलंगावर जातो तो घरात ठेवत नाहीत, तेरावं झालं की काढून टाकतात. म्हणून तर जीव जायला लागला की आपल्याकडे माणसाला खाली, भुईवर घेतात. अक्का तसले पलंग आणायच्या, नवे करायच्या आणि पोरींना द्यायच्या, पण ते कुठून आले हे कधी सांगायच्या नाहीत. मी एकदा टोकलं. हातातलं घासणं न थांबवता त्या म्हणाल्या, "लाकडाला काय म्हाईत कोण मेलं ते? पोरीची पाठ भुईला लागू न्हाई, एवढंच बघून राह्यले मी."

मग त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा सगळं समजलंच. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या शोभाबाईच्या धाकटीचं, रेखाचं लग्न माघात ठरलेलं होतं. थोरलीला अक्कांनीच पलंग दिला होता. आता रेखासाठी नवा शोधून आणायची ताकद उरली नव्हती. "माझाच दे तिला," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेत तोच पलंग पुन्हा घासला. रंगाचा शेवटचा हात मी दिला, त्या उशीला टेकून चुका काढत होत्या.

रंग वाळल्यावर त्यांना पुन्हा पलंगावर घेतलं आणि एके सकाळी त्या म्हणाल्या, "मंगल, मला खाली घे."

"असं काय बोलता अक्का? अजून येळ हाय."

"म्हणूनच म्हणते. झोपेत गेले तर पलंग बाटंल. बाकीचे पलंग कुणाचे व्हते ते लोकाला म्हाईत न्हाई. माझा मातर सगळ्या गल्लीला म्हाईत हाय."

गादीसुद्धा घेतली नाही, ती पलंगाबरोबर द्यायची होती. पौषातली गार फरशी, त्यावर गोधड्या आणि गोधड्यांवर हाडं राहिलेली बाई. आता काही फार काळ नाही, असा त्यांचा हिशेब होता. मरण आलं नाही. पाठीला जखमा झाल्या. मी रोज पदर पसरायचे, "वर चला ना वो." त्या मान हलवायच्या. हे तर त्या खोलीत जायचेच नाहीत, दारातूनच डोळे पुसत परत यायचे. सासरचं आयुष्य भुईवर काढलेली बाई पुन्हा भुईवरच कण्हत होती…

तेरावं झाल्यावर मी शोभाबाईला बोलावलं. पलंगाच्या खुराशी बसून ती खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, मी न्हाई न्यायची."

"अगं, भुईवर गेल्या त्या. तुझ्यासमोर व्हत्या की खाली!"

"व्हत्या. पण आजारी पडल्या त्या याच्यावरच ना? नव्या नवरीला द्यायचा… लोक काय म्हणतील? मन मानत न्हाई वो."

तुझी थोरली ज्या पलंगावर झोपते तो कुणाचा होता ते विचार एकदा, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले. त्या पोरीची झोप मोडून मला काय मिळणार होतं? शोभाबाई हात जोडून निघून गेली. रेखाचं लग्न झालं. मी गेले नाही.

जुन्या बाजारात देऊन टाकू, तिथं कुणी विचारत नाही, असं हे म्हणाले. मी नाही म्हटलं. गेल्या आठवड्यात दुपारी त्याच्यावर अंथरूण घातलं आणि आडवी झाले. साड्यांची वीण पाठीखाली हळूच दबली आणि तिनं मला अलगद धरलं. कुठं काही टोचलं नाही. मी छताकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "अक्का, लई चांगला विणलाय वो. तुम्ही वर यायला पाह्यजे होतं."