सिरियस हाय, निघा

गावातलं कुणी दवाखान्यात गेलं की बाहेरगावच्या नातेवाइकांना फोन करायचा तो सखाने. त्याची मिनीडोर रिक्षा रोहा-नागोठणे फिरायची, त्यामुळे पेशंट नेणारा तोच आणि पुष्कळदा मयत घरी आणणाराही तोच. माणूस गेलं हे फोनवर सांगायचं नाही, अशी रीत. ऐकणारा वाटेतच कोसळला तर? म्हणून सखा एवढंच म्हणायचा, "सिरियस हाय, निघा." लोक काय ते समजायचे, येताना हार घेऊनच यायचे.

शेजारची पुतळी त्याला चिडवायची, "मेल्या, तू खिशातून फोन काढलास की मी आधी घरातली माणसं मोजते. बायकोला तरी कधी गोड फोन करतोस का रे?"

"तिला फोन कशाला? तिची हाक वडखळपर्यंत जाते." आतून हौसा हसायची.

श्रावणात लावणीच्या चिखलातून हौसाने ताप आणला. आज उतरेल, उद्या उतरेल करता करता ती उठेनाशी झाली. सखाने तिला रोह्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंट सिरियस आहे. जवळच्यांना बोलावून घ्या."

हौसा शुद्धीवर होती. "पूजाला बोलव," ती म्हणाली. "एकदा बघू दे मला तिला."

त्यांची एकुलती एक पूजा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. सखाने व्हरांड्यात येऊन फोन लावला. शब्द जिभेवर आला आणि तिथेच अडला. ज्यांच्यासाठी त्याने तो आजवर वापरला, त्यातलं कुणीही चालत घरी आलं नव्हतं.

"बोल, बाबा."

"आईला जरा बरं नाय. येऊन जा."

"अजून ताप हाय? उद्या सकाळीच येते. आज मूर्तींच्या गाड्या भरायच्यात, शेठ सोडायचा नाय."

"व्हय," सखा म्हणाला.

संध्याकाळभर हौसा दाराकडे बघत होती. "निघाली का रे?"

"निघाली. वाटेत ट्रॅफिक हाय."

मग तिने विचारायचं सोडलं. उजाडायच्या आत ती गेली.

पूजा आली तेव्हा तिच्या नखांत सोनेरी रंग तसाच होता. "गावभर सगळ्यांना सांगतोस, बाबा. मलाच का नाय सांगितलंस? मी चालत आली असते रे."

वाशीला हौसाच्या भावाला कळवायचं होतं. सखाने नंबर लावला, 'सिरियस' एवढंच म्हणाला, तेवढ्यात पूजाने फोन काढून घेतला.

"मामा, आई गेली," ती म्हणाली. तिकडून फुटलेला आवाज सखाला लांबूनही ऐकू आला.