लाल भाताचं बी

साहेबानं आत्याबाईंच्या हातातली टोपली हिसकली आणि अंगणात कोंबड्यांपुढं उपडी केली.

"हे बी नाही, कचरा आहे."

आत्याबाई म्हणजे माझी सासू. चूक त्यांचीच म्हणायची. शेतीखात्याचा साहेब म्हणाला, बी दाखवा. त्यांना वाटलं, पेरायला मागतोय. आम्ही अकोले तालुक्याच्या डोंगरातले महादेव कोळी. बी आम्ही विकत नाही, ओटीत घालतो. मागणाऱ्याला नाही म्हणत नाही. म्हणून त्यांनी हौसेनं कणगीतलं सगळं लाल भात काढलं. उपासमारीतही त्यातला दाणा त्यांनी शिजू दिला नव्हता.

त्या वाकून शेणमातीतले दाणे वेचायला लागल्या. पसाभर वेचले. साहेबानं तेही त्यांच्याच हातानं उकिरड्यात टाकायला लावले. त्याच्यासोबतचे पुढारी हसले. मी गप्प उभी होते. त्याची लाज अजून जात नाही.

मग त्यानं सरकारी बियाण्याची पिशवी दिली.

"राब भाजायचा नाही. रानटी सवय. खत टाका."

राब म्हणजे रोपाच्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण जाळायचं. त्याशिवाय आमच्या मातीत रोप जीव धरत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सत्तेपुढं शहाणपण चालत नाही.

ते बहात्तर साल. पाऊस आधी बरा पडला, मग नुसते ढग यायचे, डोंगरावर बसून राहायचे, न बरसता निघून जायचे. नवं भात हिरवंगार वाढलं, पण लोंबीत दाणा भरलाच नाही. नुसती पळंज. शेतावर पाखरंही फिरकेनात. आत्याबाई लोंबी चोळायच्या, हाताकडं बघत बसायच्या.

माघात मी घाट चढून माहेरी गेले. आईकडं जुनं लाल भात होतं. तिनं माझी ओटी भरली.

वैशाखात आम्ही राब भाजत होतो. धूर बघून साहेब वर आला.

"जुनं बी आणलंय म्हणे. काढ."

आत्याबाई उठायला लागल्या. मी त्यांचा हात दाबून धरला.

"न्हाई देनार."

"जंगलच्या फांद्या तोडल्यात. केस करीन. आत टाकीन."

"टाका. बी न्हाई देनार."

तो शिपायांना आणायला खाली उतरला. दुपार व्हायच्या आत मी ते बी पाड्यावरच्या सात घरांत मूठमूठ वाटलं. प्रत्येक बाईला एकच सांगितलं.

"मला धरून नेलं तरी पेरायचं."